2010 च्या स्प्लेंडरसाठी एअर फिल्टर : खान्देशच्या धुळीत वापरून पाहिलेले चार पर्याय

माझी स्प्लेंडर प्लस 2010 सालची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, तेव्हाच ठरवले की ही पाच वर्षे तिचे इंजिन पुन्हा खोलावे लागू नये. एकदा ते खोलावे लागले होते. 2022 च्या उन्हाळ्यात सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, तेलाची पातळी दर पंधरवड्याला खाली जाऊ लागली आणि शेवटी बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठा करून) नवे रिंग-पिस्टन टाकावे लागले. त्या वेळी आमच्या मिस्त्रीने सिलिंडर उजेडाकडे धरून आतले उभे ओरखडे मला दाखवले. नंतर एअर बॉक्स (एअर फिल्टर ज्यात बसतो ती पेटी) आणि कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) यांना जोडणाऱ्या रबरी नळीत बोट घालून बाहेर काढले, तर बोटाला तपकिरी, तेलकट मातीचा लेप लागलेला होता. फिल्टर मात्र त्याच्या बाहेरच्या बाजूने बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता, कारण मी तो दर सर्व्हिसिंगला पेट्रोलमध्ये धुऊन घेत असे आणि आपण गाडीची उत्तम निगा राखतो, अशी माझी समजूत होती.

त्या दिवसापासून मी फिल्टरकडे उलट्या बाजूने पाहू लागलो. फिल्टरच्या बाहेर किती धूळ अडकली यावरून त्याची परीक्षा होत नाही. त्याच्या पलीकडे, कार्बोरेटरच्या बाजूला किती धूळ पोहोचली यावरून होते. पुढे ज्या चार फिल्टरांविषयी लिहितो आहे, त्यांची पारख मी याच एका कसोटीवर केली. नवा फिल्टर बसवण्यापूर्वी एअर बॉक्सची आतली, म्हणजे गाळलेल्या हवेची बाजू आणि रबरी नळी पांढऱ्या सुती फडक्याने पुसून घ्यायची, नळीच्या आतल्या भिंतीवर बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर द्यायचा आणि सुमारे हजार किलोमीटरनंतर उघडून तीच जागा पुन्हा पांढऱ्या फडक्याने पुसायची. फडके खोटे बोलत नाही.

पर्यायांकडे वळण्यापूर्वी आमच्या भागातील धुळीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण डांबरी रस्त्यावर शहरात चालणाऱ्या गाडीला जो सल्ला योग्य असतो, तो येथे पुरत नाही. मी राहतो अमळनेरला आणि आमचे शिवार पारोळ्याच्या बाजूला, बोरी नदीच्या अंगाने आहे. जाऊन-येऊन रोज सुमारे तीस किलोमीटर पडतात आणि त्यांतील दोन्ही वेळचे शेताजवळचे चार किलोमीटर निव्वळ गाडरस्त्याचे असतात. पावसाळ्यात चिकट होणारी काळी माती मार्चनंतर वाळून पिठासारखी होते आणि पुढे ट्रॅक्टर असला तर दहा हातांवरचे दिसत नाही. त्यात महामार्गांच्या चौपदरीकरणाने गेली कित्येक वर्षे खडीच्या भुकटीची भर घातली आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा असलेला आणि आता 53 क्रमांकाचा झालेला महामार्ग भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे असा आमच्या खान्देशातून आडवा जातो; त्याच्या कामाच्या काळात त्यावरून दुचाकीने प्रवास केलेल्या प्रत्येकाला ती पांढुरकी भुकटी आठवत असेल. ही भुकटी बेसाल्टची, म्हणजे आपल्याच काळ्या दगडाची असते. त्या दगडातील फेल्डस्पारसारखी खनिजे कठीणपणाच्या मोहसच्या मापावर सुमारे 6 इतकी कठीण असतात, नदीच्या वाळूतील क्वार्ट्झ 7 असते आणि सिलिंडरचे ओतीव लोखंड या दोन्हींहून मऊ असते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनांचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा धरला, तर डोळ्यांना मुळीच न दिसणारे पाच ते वीस मायक्रॉनांचे कण त्या पापुद्र्यात शिरून पॉलिश पेपरासारखे काम करतात. डोळ्यांना दिसणारा मोठा खडा कोणताही फिल्टर अडवतो, इंजिन खाणारी धूळ ही न दिसणारी असते.

याशिवाय कापूस आहे. दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी काढणारे कारखाने) सुरू झाल्या की धरणगाव, जामनेर, बोदवड या बाजूंनी जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला कापसाचे तंतू साचलेले असतात. ते इंजिनात जाऊन झीज करत नाहीत. परंतु फिल्टरच्या बाहेरच्या अंगावर नमद्यासारखा थर धरून हवेची वाट अडवतात. म्हणजे उन्हाळ्यातील मातीने झीज आणि हिवाळ्यातील कापसाने घुसमट, असे दोन वेगळे त्रास एकाच फिल्टरला सोसावे लागतात.

शंभर सीसीच्या छोट्या गाडीला एवढी काळजी कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यांना मी एक हिशोब सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे त्याला अकरा किलो हवा आणि आकारमानात मोजल्यास नऊ हजार लिटरांहून अधिक हवा लागते. आमच्याकडे टंचाईच्या दिवसांत गावात येणारा पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर सर्वांनी पाहिलेला आहे. एका लिटर पेट्रोलमागे गाडी जवळजवळ तेवढी हवा ओढून घेते. साठचे ॲव्हरेज धरले तर दर किलोमीटरला दीडशे लिटर हवा होते. माझी गाडी वर्षाला दहा-अकरा हजार किलोमीटर चालते आणि तेवढ्यात पंधरा लाख लिटरांहून अधिक हवा त्या तळहाताएवढ्या कागदातून जाते. मेमधल्या आमच्या गाडरस्त्यावरची हवा कशी असते, हे वर सांगितलेच आहे.

पहिला पर्याय होता सुटा, बिननावाचा फिल्टर. 2023 च्या सुरुवातीला, नवे रिंग-पिस्टन टाकून काही महिने झाल्यावर, बाजारातील एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी ‘स्प्लेंडरचा फिल्टर द्या’ एवढेच म्हणालो आणि दुकानदाराने पारदर्शक पिशवीतून एक फिल्टर काढून दिला. किंमत शंभर रुपयांच्या आत होती. पिशवीवर बनवणाऱ्याचे नाव, भाग क्रमांक वा महिना-वर्ष यांपैकी काहीही नव्हते. जुन्या फिल्टरशेजारी ठेवून पाहिल्यावर तीन फरक दिसले. कागदाच्या घड्या विरळ होत्या, म्हणजे हवा गाळण्यासाठी मिळणारे एकूण क्षेत्रफळ कमी होते; घड्यांच्या टोकांचा डिंक दोन ठिकाणी सुटा होता; आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कडेची रबरी पट्टी कडक होती व तिच्या एका कोपऱ्याची जोडणी वर आलेली होती. तरीही तो बसला. झाकणाचे स्क्रू आवळले की दबून जाईल, असे मला वाटले.

हजार किलोमीटरची वाट पाहावी लागली नाही. सहाशेच्या सुमारास मिस्त्रीने तो उघडला, तर ग्रीसच्या थरावर वर आलेल्या त्या कोपऱ्याच्या नेमक्या दिशेने मातीची एक रेघ ओढल्यासारखी दिसत होती. कागदातून काहीच गेले नव्हते, जे गेले ते कडेने गेले होते. मिस्त्री अहिराणीत म्हणाला, “आप्पा, कागद चांगला शे, पन त्यानी कड बठत नही.” त्याचे हे एक वाक्य फिल्टर निवडताना आजही माझ्या मनात पहिले येते. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. कागदातून जाण्यापेक्षा फटीतून जाणे तिला सोपे असते आणि कागद जसजसा भरत जातो तसतशी फटीतून जाणारी हवा वाढत जाते. त्यामुळे कडेची पट्टी नीट न बसणारा उत्तम कागदाचा फिल्टर हा, पट्टी नीट बसणाऱ्या मध्यम फिल्टरपेक्षा वाईट ठरतो. दुकानात फिल्टर हातात घेतल्यावर लोक कागद उजेडाकडे धरून पाहतात. मी आता आधी कडेवरून बोट फिरवतो, पट्टी चिमटीत दाबून ती लगेच पूर्ववत होते का ते पाहतो आणि सपाट काचेच्या काउंटरवर फिल्टर पालथा ठेवून कोठे उजेड दिसतो का ते तपासतो. सगळेच स्वस्त फिल्टर असे असतात, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्यावर बनवणाऱ्याने स्वतःचे नावही घातलेले नाही, त्याच्या डिंकाची हमी कोणाकडे मागायची?

दुसरा पर्याय माझ्या भाच्याच्या आग्रहाचा. “मामा, एकदाच खर्च करा, मग जन्मभर धुऊन वापरा,” असे म्हणून त्याने धुण्याजोगा, शंकूच्या आकाराचा, जाळीचा फिल्टर आणून दिला. तेल लावलेल्या सुती कापडाच्या थरांचे असे फिल्टर कॅलिफोर्नियातील के अँड एन या कंपनीमुळे जगभर माहीत झाले. मला मिळालेला त्या कंपनीचा नव्हता, त्या धर्तीवर कोणीतरी बनवलेला आणि चार-पाचशे रुपयांत मिळणारा होता, तेव्हा येथे लिहितो ते त्या नकलेविषयी आणि एअर बॉक्स काढून थेट कार्बोरेटरला शंकू लावण्याच्या पद्धतीविषयी आहे, असे समजावे.

बसवल्यावर आवाज भारदस्त झाला आणि पहिले दोन दिवस गाडी हलकी पळते आहे असे वाटलेही. तिसऱ्या दिवशी चढावर गाडी अडखळू लागली, थ्रॉटल एकदम सोडला की सायलेन्सरमध्ये फट्-फट् आवाज येऊ लागला आणि प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक पांढरे पडलेले होते. याचे कारण सरळ आहे. कार्बोरेटरच्या आतील जेट (पेट्रोल येण्याचे बारीक छिद्र), पेट्रोल कमी-जास्त सोडणारी सुई आणि एअर बॉक्सची वाट ही एकमेकांच्या मापाने ठरवलेली असतात. हवेची वाट मोकळी केली आणि जेट तेच ठेवले, तर मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण कमी पडते, ज्वलन तापते आणि पिस्टनला ते सोसावे लागते. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत संगणक हा फरक काही अंशी सांभाळून घेतो. 2010 च्या गाडीत तो सांभाळणारा मिस्त्रीच, आणि त्यासाठी मोठा जेट शोधून सुईची खाच बदलून चार-सहा वेळा प्लग पाहावा लागतो. शिवाय एअर बॉक्स काढला की सीटखालची त्या मानाने थंड हवा घेण्याची सोय जाते आणि इंजिनाच्या अंगावरची तापलेली हवा आत जाते. मे महिन्यात जेव्हा आमच्याकडे पारा 45 अंशांवर असतो, तेव्हा 15 अंशांच्या हवेपेक्षा ती हवा मुळातच नऊ टक्क्यांनी विरळ असते. तिला आणखी तापवून देण्यात काय लाभ? इंजिनाच्या क्रँककेसमधून, म्हणजे तेल असलेल्या खालच्या भागातून, एअर बॉक्सकडे येणारी श्वासनळीही या बदलात मोकळी लोंबत राहिली आणि तिच्या तोंडातून धूळ थेट इंजिन ऑइलपर्यंत जाण्याची वाट तयार झाली, हे तर आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

धुळीच्या कसोटीवर हा फिल्टर सर्वांत वाईट ठरला. सूर्याकडे धरल्यावर कापडातून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत होते आणि जेमतेम तीनशे किलोमीटरनंतर नळीतील ग्रीस करडे झाले होते. धुण्याचीही एक अडचण असते, जी विकत घेताना कोणी सांगत नाही. असा फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळवून त्याला त्याचेच खास तेल मोजून लावावे लागते. तेल कमी पडले तर धूळ आत जाते, जास्त झाले तर ते कार्बोरेटरमध्ये उतरते. जन्मभराची खरेदी म्हणून घेतलेल्या वस्तूची दर दोन महिन्यांनी अशी उठाठेव करावी लागत असेल, तर शेतकऱ्याच्या रोजच्या गाडीला ती योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भाच्याला वाईट वाटले, पण फडके त्यानेही पाहिले.

येथे आकड्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कळल्यावर माझी निवड करण्याची पद्धत बदलली. एअर फिल्टरची गाळण्याची क्षमता आयएसओ 5011 या मानकानुसार ठरावीक चाचणी-धूळ सोडून मोजली जाते आणि टक्क्यांत सांगितली जाते. एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 97 टक्के, असे वाचले की दोघे सारखेच वाटतात. परंतु इंजिनाला अडवलेल्या धुळीशी काहीच कर्तव्य नसते. त्याच्या वाट्याला पहिल्या फिल्टरातून एक भाग धूळ येते आणि दुसऱ्यातून तीन भाग, म्हणजे तिप्पट. खोक्यावर ‘जास्त हवा, जास्त ताकद’ असे लिहिलेले असले की म्हणूनच मी त्याच्या शेजारी गाळण्याचा आकडा शोधतो, आणि तो नसला तर खोके परत ठेवतो.

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्रच सांगतो, कारण त्यांच्यात मला फार अंतर आढळले नाही. प्युरोलेटर, बॉश, उनो मिंडा अशा नावांनी दुचाकींचे फिल्टर आपल्याकडे मिळतात. अशा नामांकित कंपन्यांपैकी एकाचा फिल्टर मी धुळ्याहून आणला आणि नंतर गाडीच्या मूळ कंपनीचा जळगावहून आणला. दोन्ही दोनशे रुपयांच्या आत मिळाले. दोन्हींच्या घड्या दाट आणि सरळ होत्या, कडेची पट्टी मऊ आणि एकसंध होती आणि दोन्हींचा कागद तपकिरी, किंचित ओलसर लागत होता. हा ओलावा दोष नसून तेच त्यांचे मर्म आहे. या प्रकारच्या कागदाला कारखान्यातच विशिष्ट तेल मुरवलेले असते; धुळीचा कण त्या तेलाला चिकटतो, कणच तेल शोषून घेतो आणि पुढचा कण त्याला चिकटतो. हजार किलोमीटरनंतर दोन्हींच्या पलीकडचे फडके जवळजवळ पांढरे निघाले. मूळ कंपनीच्या फिल्टरचे फडके अगदी स्वच्छ होते, दुसऱ्याचे किंचित पिवळसर. तो पिवळेपणा धुळीचा की ग्रीसचा, हे मी खात्रीने सांगू शकत नाही इतका पुसट होता. झाकण लावताना मूळ कंपनीचा फिल्टर एका दाबात खाचेत बसला. एवढ्या फरकासाठी थोडे रुपये जास्त मोजायला मी तयार आहे, परंतु मूळचा मिळाला नाही म्हणून नामांकित कंपनीचा घेतला, तर त्यात काही बिघडणार नाही.

मूळचा म्हणून जे मिळते ते मूळचेच असते असे मात्र समजू नये. हीरो आणि होंडा यांनी वेगळे होण्याचा निर्णय 2010 च्या डिसेंबरात जाहीर केला आणि 2011 मध्ये कंपनीचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले. त्यामुळे आज एखाद्या दुकानात ‘हीरो होंडा’ छापलेले कोरे करकरीत खोके मिळाले, तर ते एक तर फार जुन्या साठ्यातील असते किंवा ते नाव कोणीतरी अनधिकृतपणे छापलेले असते. पहिल्या शक्यतेतही ते घेऊ नये, कारण रबर आणि डिंक वर्षानुवर्षे उष्णतेत पडून कडक होतात. खोक्यावरचा भाग क्रमांक, छापील किंमत आणि तयार झाल्याचा महिना-वर्ष मी पाहतो. होंडाच्या क्रमांकनात एअर फिल्टरच्या घटकाचा क्रमांक सहसा 17210 किंवा 17211 या आकड्यांनी सुरू होतो, तेव्हा नुसत्या सुरुवातीवरून समाधान मानू नये, मधली अक्षरे गाडीगणिक बदलतात. स्प्लेंडर हे नाव 1994 पासून चालत आले आहे आणि इतक्या वर्षांत त्या एका नावाखाली कितीतरी बदल झाले आहेत. माझा अनुभव असा, की जुना फिल्टर पिशवीत घालून सोबत नेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. जळगावच्या ज्या दुकानात मी आता जातो, तेथील दुकानदाराने न सांगता जुना व नवा एकमेकांवर ठेवून कड जुळवून दाखवली आणि पक्के बिल दिले. माझ्या दृष्टीने दुकानाची परीक्षा एवढ्यावर होते.

आता धुण्याविषयी, कारण माझे बोअरचे पैसे त्यातच गेले. तेल मुरवलेला कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये धुतला की त्याचे तेल निघून जाते आणि कागद तसाच राहतो. तो स्वच्छ दिसतो आणि निकामी झालेला असतो. हवेच्या नळीने जोरात फुंकर मारली तरी तेच होते, शिवाय कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात. अनेक गॅरेजांत सर्व्हिसिंग म्हणजे फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारणे, असे समीकरण झाले आहे आणि गिऱ्हाईकालाही उडालेली धूळ पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. असा फिल्टर साफ करायचा नसतो, तो भरला की बदलायचा असतो. कोरड्या कागदाच्या फिल्टरची गोष्ट निराळी. तो हलक्या हवेने आतून बाहेर फुंकता येतो, पण तोही वारंवार नव्हे, कारण थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक कण अधिक चांगले अडवतो.

ज्यांच्याकडे याहून जुनी, स्पंजाच्या फिल्टरची गाडी आहे, त्यांना वरचे सगळे उलटे लागू पडते. 1985 मध्ये आलेली हीरो होंडा सीडी 100 किंवा त्याच वर्षीची यामाहा आरएक्स 100 या गाड्यांचा स्पंज धुण्यासाठीच असतो. तो रॉकेलसारख्या द्रवात किंवा साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा, पिळू नये, कारण पिळल्याने तो फाटतो. सावलीत पूर्ण वाळवून गिअर ऑइलमध्ये भिजवावा आणि दोन तळव्यांत दाबून जास्तीचे तेल काढून टाकावे. पेट्रोल वापरू नये, ते स्पंज खाते आणि पेट घेते. आमच्या गावात मी असे स्पंज पाहिले आहेत, जे दर महिन्याला निष्ठेने धुतले जातात आणि कोरडेच बसवले जातात. कोरडा स्पंज माशी अडवतो, धूळ नाही. या गाड्यांसाठी नवा स्पंज घेताना तो बोटाने दाबल्यावर चुरा होत नाही ना, एवढे अवश्य पाहावे. कित्येक वर्षे फळीवर पडलेला स्पंज कार्बोरेटरमध्ये तुकड्यांनी उतरतो.

कधी बदलायचा, याला गाडीच्या पुस्तिकेतील किलोमीटरचा आकडा हा वरचा टप्पा समजावा. धुळीच्या भागात त्याआधी बदलावा, असे पुस्तिकेतही म्हटलेले असते आणि आमचा भाग त्यात निश्चित मोडतो. मी आता होळीच्या आसपास एक बदलतो आणि कापसाचा हंगाम सुरू असताना, मार्गशीर्षाच्या सुमारास एकदा उघडून पाहतो. गरज असल्यास तेव्हा दुसरा. वर्षाला तीन-चारशे रुपये खर्च होतात. फिल्टर भरल्याची खूण गाडी आधीच देत असते. कार्बोरेटरच्या गाडीत हवेची वाट अडली की परिणाम चोक अर्धवट ओढून ठेवल्यासारखा होतो : वरच्या वेगाला पिकअप मरतो, ॲव्हरेज उतरतो आणि प्लगच्या टोकावर कोरडी काळी काजळी धरते. गेल्या माघात ही लक्षणे दिसली तेव्हा मिस्त्री “आप्पा, गाडीना जीव गुदमरी ऱ्हायना” असे म्हणाला आणि झाकण उघडले, तर फिल्टरवर कापसाची गादी झाली होती. त्याच वेळी एअर बॉक्सच्या तळाची छोटी नळी, जिच्यात पाणी आणि तेल साचते, तीही मोकळी करून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक गॅरेजांत ते सांगितल्याशिवाय होत नाही.

सध्या गाडीत मूळ कंपनीचा फिल्टर आहे. बसवताना त्याच्या चौकटीवर मी तारीख आणि किलोमीटरचा आकडा पेनाने लिहून ठेवला आणि कडेच्या पट्टीला ग्रीसचे एक बोट फिरवले. परवा मळ्यातून परतल्यावर झाकण उघडून नळीतून फडके फिरवले. मिस्त्रीने ते हातात घेऊन उन्हात उलटसुलट पाहिले आणि स्वतःचे हात पुसायला ठेवून घेतले.